कुंडातले पाणी आणि नळातले पाणी

मित्रांनो, मी एक जुने दगडी कुंड आहे. सध्या माझ्यात लोक ओल्या छत्र्या ठेवतात. चर्चच्या मागच्या दाराशी, पायपुसण्याच्या शेजारी माझी नेमणूक झाली आहे. येणारा छत्री ठेवतो, जाणारा उचलतो, आणि एखादा विसरभोळा दुसऱ्याचीच घेऊन चालू लागतो. पुढे वेदीपाशी आता काचेचे नवे कुंड आले आहे. त्याला चाकेसुद्धा आहेत. तुम्हाला वाटेल मला त्याचा हेवा वाटत असेल. मुळीच नाही. माझ्यात पुन्हा कोणाच्या लेकरासाठी पाणी भरू नये, असेच मला वाटते. का, ते सांगते.

मला एका म्हाताऱ्या पाथरवटाने घडवले. तो काही ख्रिस्ती नव्हता. कुंड कशासाठी, असे त्याने विचारले, तेव्हा कोणीतरी घाईघाईत सांगितले की यात बाळांना आंघोळ घालतात. झाले! म्हातारा काळजीत पडला. "पोराचं डोकं आपटलं म्हणजे?" असे पुटपुटत त्याने माझा काठ घासून घासून लोण्यासारखा मऊ केला. खरे तर कोणाचे डोके आपटणार नव्हते. आमच्याकडे बाळाच्या कपाळावर नुसते ओंजळभर पाणी घालतात, त्याला बाप्तिस्मा म्हणतात. पण त्याच्या गैरसमजामुळे माझा काठ सुंदर झाला. गैरसमजातून चांगले निघालेले मी तेवढे एकदाच पाहिले.

पुढची कितीतरी वर्षे माझी चैन होती. गोरीगोमटी, काळीसावळी, टकली, जावळवाली अशी सगळी बाळे माझ्यावर आडवी धरली गेली. बहुतेक जण भोकाड पसरत. एकाने फादरांचा चष्माच माझ्यात पाडला होता. लोक माझ्यासोबत फोटो काढत आणि माझ्या काठाची तारीफ करत.

माझ्याविषयीचे समज मात्र एकेक ऐकण्यासारखे होते. एक आजोबा गुडघेदुखीवर म्हणून माझे पाणी बाटलीतून नेत. एकदा शेजारचा एक मुलगा खेळता खेळता आत आला आणि त्याने कोपरापर्यंत हात माझ्यात घातला. त्याची आई धावत आली. "शिवू नकोस त्याला, त्यांच्यातला होशील!" असे ओरडत तिने त्याला फरफटत नेले. तो कोणातला झाला नाही, फक्त ओला झाला. पण बाहेरच्यांना काय हसायचे? आत बाकांवर बसणाऱ्यांचे समज त्यांच्याहून वरताण होते. फरक इतकाच की ते इस्त्रीचे कपडे घालून येत. कोणाला वाटे, लस टोचतात तसा हा प्रकार, एकदा पाणी पडले की पोराला जन्मभर काही होत नाही. कोणाला वाटे, हे पाणी परदेशातून येते. अहो, ते मागच्या खोलीतल्या नळाचे पाणी होते.

बाप्तिस्म्याआधी फादर आईवडिलांना माझ्याजवळच्या बाकावर बसवून समजावत. ते माझे तोंडपाठ झाले आहे. पाण्यात जादू नसते. पाणी साधेच असते. बाळाच्या जिवाला धोका असेल आणि फादर जवळ नसतील, तर कोणीही पाणी घालावे. आईने, बापाने, नर्सने, अगदी ख्रिस्ती नसलेल्या माणसानेही. बाप्तिस्म्याचे चार शब्द म्हणायचे, बस्स. आणि तेवढेही जमले नाही तर घाबरायचे नाही, कारण देव काही पाण्यावाचून अडून बसत नाही, त्याचे लेकरू तो घेतोच. फादर हे मनापासून सांगत. आईवडील माना डोलवत आणि घड्याळाकडे बघत.

आता नळवाल्याविषयी सांगते. त्याला सगळे नळवाला म्हणत, कारण नळ आणि पाइप बसवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. माझ्या तळाचा निचरा तुंबला की त्यालाच बोलावत. तो माझ्याखाली आडवा होऊन शीळ घालत काम करी आणि माझ्याशीच बोले. "दगडासारखा दगड तू, आणि तुला रे कसली गळती?" असे म्हणून स्वतःच हसे. त्याची बायको शिवणकाम करायची. पहिलटकरीण होती. तो खाली, ती बाकावर बसून एवढासा पांढरा झगा शिवत असे. "जरा मोठाच शिव," तो खालून सांगे, "माझं पोर आहे, दांडगं असणार." ती म्हणे, "तुम्ही पाना फिरवा." मला ती दोघे फार आवडत. त्यांचे बाळ माझ्याकडे कधी येते याची मी वाट बघत होते.

बाळ आले, पण दिवस भरायच्या आधीच. एका सकाळी नळवाला धावत चर्चमध्ये शिरला. पायात एकच चप्पल होती. "फादर! फादर!" असे तो ओरडत होता. फादर दूरच्या एका आजाऱ्याकडे गेले होते. झाडलोट करणारी बाई तेवढी होती. तिला तो म्हणाला, "मुलगा झालाय. डॉक्टर म्हणतात, वाचणं कठीण आहे. ताई म्हणते, आधी पाणी घाला, नाहीतर पोर देवाच्या दाराबाहेर राहील. फादर कुठे आहेत?"

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. वाईट नव्हती हो. तिला तिच्या आजीने सांगितले होते, आजीला आणखी कोणी. कोणी कोणाला विचारले नव्हते.

"फादर दुपारशिवाय येत नाहीत," बाई म्हणाली.

"मग पाणी तरी नेतो. हेच लागतं ना? इथलंच?"

"इथलंच लागत असेल बाबा," ती म्हणाली. तिलाही ठाऊक नव्हते.

त्याने बाटली माझ्यात बुडवली. घाईत ती निसटली आणि पुन्हा बुडवावी लागली. मित्रांनो, तेव्हा मला तोंड असते तर! मी ओरडले असते की अरे वेड्या, मागे फिर, दवाखान्यातलेच पाणी घे, तू घाल, नर्स घालेल, कोणीही घालेल. पण दगडाच्या पोटात कितीही असले तरी ते ओठांवर येत नाही. तो गेला. माझ्यात एवढेसे पाणी हलत राहिले.

दुपार कलल्यावर तो परत आला. चालत आला. बाटली भरलेलीच होती. त्याने झाकण काढले आणि सगळे पाणी सावकाश माझ्यात परत ओतले, शेवटी बाटली उलटी धरून झटकलीसुद्धा. मग तो खाली बसला.

तेवढ्यात फादर आले. झाडलोटवालीने त्यांना दारातच सांगितले होते. ते धापा टाकत त्याच्याजवळ बसले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो म्हणाला, "फादर, मी जिन्यावरच होतो. वर पोचेपर्यंत गेला."

फादर चांगला माणूस. पुष्कळ शिकलेले. पण त्या दिवशी त्यांचा वाक्यांचा क्रम चुकला. त्यांना पहिल्यांदा म्हणायचे होते की बाळ देवाजवळ आहे, पाण्यावाचून काही अडलेले नाही. त्याऐवजी घाईत तोंडून निघाले, "अरे बाळा, इथवर कशाला आलास? तूच घालायचं होतंस पाणी. नळाचंही चाललं असतं."

नळवाल्याने मान वर केली. "नळाचं?"

"हो, पण ऐक..."

"खोलीतच नळ होता, फादर." तो अगदी हळू बोलत होता. "खाटेशेजारी. नर्स हात धूत होती. तो नळ मीच बसवलाय."

फादरांचा चेहरा उतरला. मग ते बोलू लागले. देवाची दया किती मोठी, बाळाचा काय दोष, बापाचा काय दोष, सगळे बोलले. एकूण एक शब्द खरा होता. मी साक्षीला आहे. पण ऐकणारा तिथे नव्हताच. तो त्या खोलीतल्या नळापाशी जाऊन उभा राहिला होता, आणि मला वाटते तो अजून तिथेच आहे.

फादर म्हणाले, "चल, मी येतो. आपण त्याला नीट पोचवू."

"झालं सगळं," तो म्हणाला. "ताई म्हणाली, पाणी पडलं नाही, कबरस्तानाच्या आत जागा देणार नाहीत. कबर खोदणाराही तेच म्हणाला. भिंतीबाहेर ठेवलं त्याला."

फादर उठून उभेच राहिले. "कोणी सांगितलं? आत जागा होती! मी स्वतः प्रार्थना म्हटली असती. अजूनही आणू आपण त्याला आत."

"नको," नळवाला म्हणाला. "आता त्याला हलवू नका. त्याच्या आईला तर हे सांगूच नका."

पण अशा गोष्टी लपून राहतात का? आईला कळले. ती चर्चमध्ये यायची बंद झाली. नळवाल्याने धंदा सोडला नाही, पोट कोणाला सोडते? पण शीळ थांबली. माझा निचरा तुंबला तेव्हा त्याने दुसऱ्या माणसाला पाठवले. फादरांनी भिंतीबाहेर जाऊन त्या जागेवर प्रार्थना म्हटली. तेव्हापासून आईवडिलांना समजावताना ते देवाच्या दयेने सुरुवात करत आणि पाण्याचे मागाहून सांगत. ऐकणारे तरीही घड्याळाकडेच बघत.

काही वर्षांनी नळवाल्याला आणि त्याच्या बायकोला मुलगी झाली. धडधाकट, रडून छप्पर उडवील अशी. तिला ती दोघे माझ्याकडे घेऊन आली. ताई मागच्या बाकावर बसली होती. बाळ गेले त्या दिवसापासून ती कोणालाच काही सांगेनाशी झाली होती. माझ्यात पाणी भरले होते. मला वाटले, चला, आज सगळे निवळेल.

फादरांनी रिवाजाप्रमाणे पहिला प्रश्न विचारला. "बाळाचं नाव काय ठेवलंत?"

आईने नाव सांगितले. ते मुलाचे नाव होते.

नळवाला हळूच म्हणाला, "अगं, ही आपली मुलगी आहे."

"मला कळतंय," ती म्हणाली. "हिचं मग करा. आधी त्याचं करा."

फादरांच्या डोळ्यांत पाणी आले. ते म्हणाले, "बाई, तो देवाजवळ आहे. त्याला पाण्याची गरज नाही."

"मग हिला कशाला घालता?"

"स्वागत म्हणून," फादर म्हणाले. "हे घर तिचं आहे, हे सांगण्यासाठी. आपण तिला आत घेतो."

"आणि त्याला बाहेर ठेवलं," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. नळवाल्याने माझा काठ दोन्ही हातांनी धरला आणि मान खाली घातली. देवाने बाहेर ठेवले नव्हते, चर्चने ठेवले नव्हते. कोणा एकाने खोटेही सांगितले नव्हते. सगळ्यांनी ऐकलेले तेवढे पुढे सांगितले होते. मुलीच्या कपाळावर पाणी पडले, ती रडली, बाकांवरचे लोक सुटल्यासारखे हसले. आई हसली नाही. त्यानंतर मला माझ्यातले पाणी जड वाटू लागले. नवे कुंड आले आणि मला मागे हलवले, तेव्हा मी देवाचे आभार मानले.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असे मी म्हणणार नाही. दगडाचे काय, तो कसाही राहतो. पण स्वतःच्या धर्माचे असो की दुसऱ्याच्या, ऐकीव गोष्ट घेऊन कोणाच्या दुःखाच्या दारात जाऊ नका. जे ठाऊक नाही ते आधी विचारा, सगळे ठीक असताना विचारा. वेळ गेल्यावर मिळालेले उत्तर खरे असले तरी ते टोचते. त्या आईला खरे काय ते सांगणारे आता पुष्कळ आहेत. फादर सांगतात, शेजारणी सांगतात, मोठी झालेली मुलगीही सांगते. आई सगळ्यांचे ऐकून घेते, हो म्हणते, आणि संध्याकाळी भिंतीबाहेर जाऊन बसते.