पीच यायला दोन महिने

मी एक डिश बोलतेय. चिनी मातीची, लांबट, चांगली खोल, बाहेरून पांढरी आणि काठाला निळी रेघ असलेली. तुमच्या घरी असते तशीच. पण मी जे बोलणार आहे ते भांड्यांनी बोलण्यासारखं नाही, हे मला ठाऊक आहे. माणसांनी ते वेळेवर बोलायला हवं होतं. ती बोलली नाहीत, म्हणून माझ्यावर ही पाळी आली.

मला घडवलं ते एका म्हाताऱ्या कुंभारानं. भट्टीतून काढल्यावर त्यानं मला बोटाच्या पेरानं टक्‌ टक्‌ वाजवून पाहिलं, कान लावला आणि मान हलवली. नंतर कितीतरी दिवस मी दुकानातल्या फळीवर धूळ खात बसले. गिऱ्हाइकं यायची, मला उलटीसुलटी करायची आणि कपबश्या घेऊन जायची. मला फार राग यायचा.

मग एके दिवशी ताई आली. नवं लग्न झालेली, शिवणकाम करणारी. गळ्यात मोजपट्टी तशीच अडकवलेली. तिनं माझी लांबी मोजली, रुंदी मोजली, खोलीसुद्धा मोजली आणि दुकानदाराला म्हणाली, "आमच्या ओव्हनच्या मापाची आहे. बांधून द्या." ब्लाउजचं माप घ्यावं तसं माझं माप घेतलं होतं तिनं. मला ती तिथंच आवडली.

ताईच्या हातचा पीच कॉब्लर म्हणजे आमच्या गल्लीत बोलायचं काम नव्हतं. उन्हाळा आला की ती पिकलेले पीच उकळत्या पाण्यात टाकायची, लगेच गार पाण्यात काढायची आणि अंगठ्यानं ढकलली की साल अख्खी निघून यायची. मग फोडी, साखर, लिंबाचा रस, चिमूटभर दालचिनी. हे सगळं माझ्या पोटात. वर मैदा, लोणी आणि दुधाचे मऊ गोळे चमच्यानं अंतरा-अंतरावर सोडायची. "चिकटू द्यायचे नाहीत गं, मधून वाफ यायला हवी," असं ती शेजारी उभ्या असलेल्या बारकीला सांगायची. बारकी म्हणजे तिची धाकटी बहीण. ओव्हनमध्ये कडेकडेनं रस खदखदायला लागला, वरचे गोळे बदामी झाले, की मला बाहेर काढायचं. दोघी बहिणी मग मला मधे ठेवून, बशा न घेता, चमच्यानंच खायच्या. बारकीला दालचिनी मुळीच आवडायची नाही. ती तोंड वेडंवाकडं करत खायची, पण खायची.

पुढं बारकीचंही लग्न झालं आणि ती दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली. पोस्टात खिडकीवर बसायची नोकरी लागली तिला. तेव्हापासून माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. ताईकडून मी कॉब्लर घेऊन जायचे आणि बारकीकडून कधी बिस्किटं, कधी उकडलेले बटाटे घेऊन परत यायचे. एकदा तर घरात काहीच नव्हतं, तर बारकीनं माझ्यात तीन लिंबं ठेवून पाठवली. त्यांच्या आईची सक्त ताकीद होती की कुणाचंही भांडं रिकामं परत करायचं नाही. आई गेली, पण ताकीद दोघींनी पाळली. त्या तीन लिंबांवरून ताईनं बारकीला महिनाभर चिडवलं. ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं.

नजर कुणाची लागली म्हणू? कुणाचीच नाही. सगळं त्यांचं त्यांनीच केलं.

ताईचा पन्नासावा वाढदिवस होता. ऐन थंडीतला. शिवणक्लासच्या बायका जमल्या होत्या, मी टेबलावर सॅलड घेऊन बसले होते. बारकी पोस्टातून घाईघाईनं आली, हातात केकच्या पत्र्याच्या भांड्यात स्वतः केलेला कॉब्लर. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं तो एकटीनं केला होता. गाल लाल झाले होते नुसते.

ताईनं एक चमचा तोंडात घातला आणि हसत हसत सगळ्यांसमोर म्हणाली, "पन्नाशी आली तरी आमच्या नशिबी टिनातलेच पीच!"

बायका हसल्या. बारकीनंही हसूनच उत्तर दिलं, "मग जन्मच घ्यायचास ना उन्हाळ्यात! थंडीत जन्मलीस, तशीच थंड राहिलीस."

यावर बायका आणखी हसल्या. ताईचा चेहरा मात्र उतरला. ती थट्टा होती, दोघींचीही. पण दोघींनाही ती झोंबली. केक कापायच्या आधीच बारकी निघून गेली. तिचं पत्र्याचं भांडं ताईनं दुसऱ्या दिवशी घासलं, त्यात सफरचंदं भरली आणि नवऱ्याच्या हाती पाठवून दिलं. चिठ्ठी नाही, निरोप नाही. त्यानंतर फोन बंद, येणंजाणं बंद.

उन्हाळा आला तेव्हा ताईनं मला काढलं. बाजारातले सगळ्यात चांगले पीच आणले होते. आणि त्या दिवशी तिनं एक गोष्ट केली, जी तिनं पूर्वी कधीच केली नव्हती. अर्ध्या फोडींना दालचिनी लावली आणि अर्ध्या तशाच ठेवल्या. माझ्या डाव्या बाजूला बिनदालचिनीचं. का, ते मला लगेच कळलं. माफी मागणं तिच्या जिभेला जमणारं नव्हतं, तिनं ती फोडींतून मागितली. पण नवऱ्याला देताना बोलली काय? "म्हणावं, चव घेऊन बघ. म्हणजे फरक कळेल."

भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, साधे माणूस. चष्म्याच्या दुकानात काम करतात. जसं सांगितलं तसं शब्दाला शब्द बोलले. बारकीनं मला हातात घेतलं, दार लावलं, आणि सरळ कचऱ्याच्या डब्यापाशी गेली. "फरक कळेल म्हणे!" एवढंच म्हणाली आणि मला उपडं केलं. एक घास खाल्ला असता हो! डाव्या बाजूचा एकच घास. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला तोंड कुठं आहे?

मग तिनं मला घासलं, पुसलं आणि मांडणीच्या सगळ्यात वरच्या फळीवर, जुन्या वर्तमानपत्रांच्या मागे ठेवून दिलं. चार वर्षं मी तिथं होते.

कधी कधी बारकीचा नवरा म्हणायचा, "अगं, ताईची डिश दे ना परत. मी जाता जाता ठेवून येतो."

"रिकामी?"

"मग भरून दे."

"काय भरून? मी काहीही पाठवलं तरी त्याला नाव ठेवेल ती."

एकदा तिनं मला खाली काढून माझ्यात बटाटे रचलेही होते. पाच मिनिटं बघत उभी राहिली आणि पुन्हा काढून टोपलीत टाकले. रिकामी द्यायची नाही आणि भरायचं धाडस नाही, अशा कात्रीत मी अडकले होते. तुम्ही माणसं म्हणता, जीव भांड्यात पडला. माझ्यात त्या चार वर्षांत कुणाचा जीव पडला नाही.

मग एके दिवशी बारकी कामावरून आली ती पर्सही न ठेवता खुर्चीत बसली. भाऊजी पोस्टात आले होते म्हणाली. खिडकीपुढच्या रांगेत उभे राहिले आणि पाळी आल्यावर म्हणाले, "ताईला बरं नाही. डॉक्टर म्हणतात, उन्हाळा निघाला तर निघाला."

"तिनं बोलावलंय का मला?" हिनं विचारलं.

"बोलावलं नाही. तुला माहितीये ती."

नवरा म्हणाला, "ऊठ. चल आत्ता जाऊ."

बारकी उठली खरी. पण दाराकडे नाही गेली, स्टुलावर चढली. वर्तमानपत्रं बाजूला करून तिनं मला काढलं, नळाखाली धरलं, आणि इतकं घासलं, इतकं घासलं की माझी निळी रेघ जाते की काय असं मला वाटलं. "पीच आले की करते," ती म्हणाली. "ताजे. अगदी तिच्यासारखा करते आणि घेऊन जाते."

"पीच यायला दोन महिने आहेत."

"मग काय, टिनातले नेऊ? पुन्हा?"

त्यानं पायातल्या चपला काढून ठेवल्या. मी मात्र आनंदले, हे कबूल करते. चार वर्षांनी माझं पोट भरणार, मी घरी जाणार, याच तोऱ्यात होते मी. पुढं काय वाढून ठेवलंय हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

तेव्हापासून ती रोज कामावरून येताना फळवाल्याकडे थांबायची. तो म्हणायचा, "बाई, अजून फुलंही गळाली नाहीत." ती नाराज होऊन घरी यायची, पण मला वाटतं आतून तिला सुटल्यासारखंही वाटायचं. अजून आले नाहीत, म्हणजे अजून जायचं नाही. माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "थोडं थांब." ते मला म्हणायची, की ताईला, की स्वतःला, कोण जाणे.

अखेर पीच आले. हंगामातले पहिले, हिरवट आणि टणक. तिनं एकेक दाबून पाहिला आणि तोंड पाडलं. "असले नेले तर म्हणेल, दगड आणलेस." मग ते कागदाच्या पिशवीत गुंडाळून कपाटात पिकत ठेवले. तीन दिवस. रोज सकाळ-संध्याकाळ पिशवी उघडून वास घ्यायची. ते तीन दिवस आठवले की आजही मला कसंसं होतं.

चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, तिनं कॉब्लर केला. पाण्यातून काढून अंगठ्यानं साल ढकलली. सगळ्या फोडींना दालचिनी लावली, स्वतःला आवडत नसताना. गोळे अंतरा-अंतरावर सोडले. एकही गोळा दुसऱ्याला चिकटला नाही. मी ओव्हनमध्ये गेले. कडेनं रस खदखदू लागला. मला इतकं छान कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. तिच्या नवऱ्यानं उचलला. "हो," म्हणाला. "कधी?" म्हणाला. मग फोन ठेवला.

स्वयंपाकघराच्या दारात येऊन त्यानं सांगितलं, "ताई गेली गं."

बारकी ओव्हनच्या काचेसमोर उभी होती. तिनं मान वळवली नाही. "अजून दहा मिनिटं आहेत," ती म्हणाली.

आणि खरंच, ती दहा मिनिटं ती तिथंच उभी राहिली. वेळ झाल्यावर तिनं मला बाहेर काढलं, टॉवेलात गुंडाळलं आणि चालायला लागली. दोन गल्ल्या. जेमतेम पाच मिनिटांचं अंतर. मी तापलेली होते, टॉवेलातून तिचे हात भाजत असणार, पण तिनं मला कुठं खाली टेकवलं नाही.

दार भाऊजींनी उघडलं. तिच्या हातात मला पाहून त्यांना काही समजेना.

"पीचसाठी थांबले होते, भाऊजी," ती म्हणाली. "ताजे आणायचे होते."

"महिनाभर घोटभर पाण्याशिवाय काही जात नव्हतं गं तिला," भाऊजी म्हणाले. "दार वाजलं की विचारायची, बारकी आली का?"

बारकीनं मला त्यांच्या हातात दिलं आणि दारातच खाली बसली. तिचं ते रडणं मी इथं सांगणार नाही.

तो कॉब्लर कुणी खाल्ला नाही. आता मी ताईच्या स्वयंपाकघरातच असते. भाऊजींना ओव्हन लावता येत नाही, ते माझ्यात किल्ल्या आणि औषधांच्या गोळ्या ठेवतात. बारकी दर रविवारी येते, त्यांचं घर आवरते, मला पुसते आणि जाते. भाऊजी दोनदा म्हणाले, "घेऊन जा गं ही डिश, मला काय करायची?" तिनं नाही म्हटलं.

मला राहून राहून वाटतं, मी नसते तर बरं झालं असतं. मी त्या फळीवर नसते, तर भरण्याचा प्रश्नच आला नसता आणि बारकी त्याच संध्याकाळी चपला घालून निघाली असती. तिच्या भीतीला मी आडोसा दिला. आईची ताकीद चांगलीच होती, तिचा असा उपयोग होईल हे त्या माउलीला काय माहीत!

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, मला हात नसले तरी. तुमच्या घरातल्या वरच्या कप्प्यात कुणाचं एखादं भांडं पडून असेल, तर त्यात काय भरायचं याचा विचार करत बसू नका. आजच्या आज ते रिकामंच घेऊन जा. धुवायचं राहिलं असेल तर तसंच न्या. आणि घाईघाईत निघताना भांडं घरीच विसरलात, तर त्यासाठी मागे फिरू नका.