दिवाणाच्या खणातली हळदीची साडी

मित्रांनो, सुरतच्या लिंबायतमध्ये, एका खोलीच्या भिंतीला टेकून बसलेला जुना सागवानी दिवाण तो मीच. माझी गोष्ट तशी लहान आहे. तुम्हाला आवडेल की नाही, ठाऊक नाही, तरी सांगतो.

मला बन्सीलाल मिस्त्रींनी घडवलं. ते दिवसभर लोकांचं फर्निचर करत, घरच्या साड्या मात्र पत्र्याच्या पेटीत असत. "साऱ्या सुरतेची घरं सजवता, आमची पाळी कधी यायची?" त्यांची बायको सरलाबाई टोमणा मारायच्या. मग पाडलेल्या एका बंगल्याच्या सागवानी चौकटी बन्सीलालना मिळाल्या. त्यांनी त्यांवर असा रंधा फिरवला की माझं मलाच नवल वाटलं. खाली दोन खण बसवले. माझ्यावर त्यांची मुलं झोपली, शिकली, मोठी झाली.

यंदा जूनमध्ये खाडीचं पाणी घरात शिरलं. मुलीचं, उज्ज्वलाचं लग्न तोंडावर आलेलं. सगळ्यांनी घाईघाईने पीठ, गाद्या, टीव्ही माझ्यावर चढवलं. माझ्या पोटात काय आहे, हे कुणालाच आठवलं नाही. तिथे तिची हळदीची साडी होती, आजीने दिलेली.

पाणी ओसरलं, पण खण फुगून घट्ट बसला. हळद दुसऱ्याच दिवशी होती. उज्ज्वलाच्या भावाने, चेतनने, पहार आणली.

"आप्पा, एकच झटका. नवा घेऊ, प्लायवूडचा."

"काय करी राह्यना रे तू?" बन्सीलाल ओरडले. "आधी ओढ त्याला भिंतीपासून."

माझी मागची फळी त्यांनी खिळ्यांनी ठोकली नव्हती, स्क्रूने बसवली होती. त्यांनी एकेक स्क्रू काढला, मागून हात घातला. साडी निघाली. पण माझ्या लाकडाचा तपकिरी रंग तिच्या पदरावर उतरला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चेतनने पुन्हा पहारीकडे पाहिलं.

उज्ज्वला पदर उलगडून बघत राहिली, आणि हसली.

"आई, उद्या सगळे हळदच फासणार ना? मग पहिली या दिवाणानेच लावली, एवढंच!"

"मोठा मानाचा आला!" सरलाबाई म्हणाल्या, पण डोळे पुसत.

पुढे मी सावलीत सावकाश वाळलो. एके दिवशी खण आपोआप सुटला.

मित्रांनो, घरातलं जुनं लाकूड अडलं तर त्याला झटके देऊ नका. जरा थांबा, मागच्या बाजूनेही बघा. माझ्या माणसांनी ते केलं, म्हणून मी आहे. हळदीच्या दिवशी सरलाबाईंनी वाटीतल्या हळदीचं एक बोट माझ्या कोपऱ्यालाही लावलं. लाकडाला एवढा मान कोण देतं?