मोठ्यानं बोल!

“भाले देवळाच्या पायरीशी ठेवा आणि जरा पुढे सरका बाबांनो, माझा घसा बसलाय,” सभेसमोरच्या दगडावर उभा राहून नवा पुढारी म्हणाला.

म्हाताऱ्या फानोसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसं भाले टेकवून पुढे निघालीसुद्धा! शेजारच्या लाखोन चांभाराने त्याचं कोपर धरलं. “चला की काका. आपलाच माणूस आहे.”

“तोही आपलाच होता, गाढवा!”

तो म्हणजे थोरला धनी. सगळी सत्ता त्याच्या एकट्याच्या मुठीत, तरी अथेन्समधली गरीब माणसं त्याच्यावर जीव टाकायची. फानोससुद्धा. का नाही टाकणार? आधी घागरभर पाण्यासाठी जमीनदाराच्या विहिरीवर हात जोडावे लागत. धन्याने सगळ्यांसाठी पाणवठा बांधला. गावोगाव न्यायाधीश धाडले. जमीनदाराने फानोसच्या तेलघाण्यावर हक्क सांगितला, तेव्हा त्या न्यायाधीशासमोर फानोस आयुष्यात पहिल्यांदा बड्या माणसावर ओरडला. घाणा त्याच्याकडेच राहिला. ओरडायची सवय त्या हलकट धन्यानेच लावली होती!

मग एके दिवशी याच मैदानात धनी अगदी हळू बोलू लागला. ऐकू येईना, म्हणून सगळे भाले मागे ठेवून पुढे सरकले. शिपायांनी मागच्या मागे ते उचलून देवळात कोंडले. “आता घरी जा, आपापली कामं बघा. नगराचं मी बघतो,” धनी हसून म्हणाला. लोकांनी त्याचा जयजयकार केला. फानोसनेही केला.

धनी मेला, त्याचा मुलगा आला. त्याला जिथेतिथे दगा दिसायचा. फानोसच्या एकुलत्या एका पोराला, थिऑनला, शिपाई घाण्यावरून फरफटत घेऊन गेले, तेव्हा फानोसच्या हातात ऑलिव्ह झोडायची काठी होती. काठी बघून शिपाई हसले. थिऑन परत आला नाही.

आता या धाकट्या धन्यालाही लोकांनी हाकललं होतं. देवळाचं कुलूप फोडलं, तेव्हा गंजलेल्या ढिगात फानोसने आपला भाला लगेच ओळखला. दांड्यावर बारीक खुणा होत्या. दात येत होते तेव्हा थिऑन तो चावायचा.

“मोठ्यानं बोल!” फानोस गरजला. “आम्ही हलणार नाही!”

पुढारी चमकला. “आजोबा, माझ्यावर भरवसा नाही का?”

“त्याच्यावर होता की! पोरगं गेलं माझं! घसा बसलाय तर तू ये इकडे. तुला पाय आहेत ना?”

कोणीतरी हसलं. लाखोन मागे वळला आणि पायरीवरचा आपला भाला उचलून आला. त्याच्यामागून बाकीचेही गेले.

पुढारी दगडावरून उतरून लोकांमध्ये आला. “बरं, तुम्हीच सांगा,” तो आता खणखणीत आवाजात म्हणाला. “भाले देवळात ठेवायचे की घरी न्यायचे? घरी न्यायचे म्हणणाऱ्यांनी हात वर करा.”

फानोसने डावा हात वर केला. उजव्या हाताचा अंगठा दांड्यावरच्या त्या खुणांवर होता. मोजणी संपून सगळ्यांचे हात खाली आले, तरी त्याचा वरच होता.