अल वक्राच्या हॉलमधला अकॉर्डियन

मित्रांनो, मी अकॉर्डियन. दोह्यात, अल नस्रमधल्या एका फ्लॅटच्या कपाटावर पडून असतो. आता वाजत नाही.

माझा जन्म फिनलंडचा. भात्याच्या आत सूर काढणाऱ्या पोलादाच्या पातळ पट्ट्या, एकेक मेणाने बसवलेली. पेक्का नावाच्या इंजिनीअरने मला कतारला आणले आणि परत जाताना आपल्या कंपनीतल्या गिरीशरावांना दिले. ते नाशिकचे, हार्मोनियमवर हात बसलेला. सहा महिन्यांत माझ्यावर हुम्पा, म्हणजे फिनलंडचे जलद नाचाचे संगीत, वाजवू लागले.

दर शुक्रवारी संध्याकाळी दोह्याजवळच्या अल वक्राच्या एका हॉलमध्ये फिनलंडचे जोडीनाच चालत. रीत पेक्कानेच घालून दिलेली. अर्धा वेळ पुरुषांनी नाचायला विचारायचे, अर्धा वेळ बायकांनी. विचारल्यावर नाही म्हणायचे नाही. एका जोडीने दोन गाणी नाचायची. लोक वाजवण्याचे कौतुक करत. मला ते आवडे, गिरीशरावांना माझ्याहून जास्त.

मागच्या जूनमध्ये, बायकांनी विचारायच्या वेळी, त्यांच्या पत्नी आसावरीबाई आमच्यासमोर हात पुढे करून उभ्या राहिल्या.

"अहो, उठा. तीन वर्षं झाली, जगाबरोबर नाचले, नवऱ्याबरोबर नाही."

"मी उठलो तर वाजवणार कोण?"

"फोनवर लावू की," त्यांच्या मैत्रीण नयनाताई म्हणाल्या. "दोन गाण्यांनी काही बिघडत नाही."

"फोनला काय जीव असतो? पुढच्या शुक्रवारी, इन्शाल्ला."

"तुमचं इन्शाल्ला म्हणजे खलास," आसावरीबाई म्हणाल्या. सगळे हसले. त्याही हसल्या आणि जागेवर जाऊन बसल्या.

घरी परतताना गाडीतच त्यांच्या छातीत दुखू लागले. गिरीशरावांनी गाडी तशीच हॉस्पिटलकडे वळवली. ती चार दिवस उघड्यावर उभी होती आणि मी डिकीत. माझी आठवण त्यांना झाली नाही, व्हायचे कारणही नव्हते. डिकी भट्टीसारखी तापली. मेण वितळले, पट्ट्या सुटून पडल्या. सोमवारी आसावरीबाई गेल्या.

तेरावा झाल्यावर गिरीशरावांनी मला मांडीवर घेतले. आसावरीबाईंना आवडायचा तो संथ वॉल्ट्झ सुरू केला. नुसता वारा आला. आत पट्ट्या खुळखुळल्या. त्यांनी दोनदा भाता ओढला, मग खांद्यावरचा पट्टा काढला. मला दुरुस्त करणारे इथे कोणी सापडले नाही. सापडले असते तरी ते कोणासाठी वाजवणार होते, मला माहीत नाही.

हॉलमध्ये आता फोनवर गाणी लावतात. नाच चांगला होतो म्हणे. नयनाताई गिरीशरावांना बोलावतात. ते "बघू" म्हणतात आणि जात नाहीत.

मित्रांनो, वाद्य उन्हात ठेवू नये, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी दुसरे सांगतो. घरचे माणूस हात पुढे करून उभे राहिले, तर हातातले खाली ठेवा. मी जड आहे खरा, पण मला खाली ठेवायला कितीसा वेळ लागला असता?