कल्हई गेलेली पातेली

मी तांब्याची एक पातेली. सांगायला लाज वाटते, पण आधीच सांगून टाकते. ज्या बाईनं मला माहेराहून आणलं, तिलाच मी नऊ दिवस विष पाजलं. आणि विषाचा तो वाडगा तिच्या ओठांना लावणारा हात तिच्या नवऱ्याचा होता. अजून आठवलं की अंगावर काटा येतो. तांब्याच्या अंगावर काटा कसा येईल, असं विचारू नका.

कसब्यातल्या दत्तोबा तांबटानं मला ठोकून घडवलं. ते दिवस पेशवाईचे. पुण्यात रोज नवं घर उभं राहत होतं आणि तांबटांचे हातोडे थांबत नव्हते. लहानपणीच इतके ठोके खाल्ले की पुढे कुणाच्या बोलण्याचं काही वाटेनासं झालं. आतून पांढरीशुभ्र कल्हई लावून मी तुळजाबाईच्या लग्नात तिच्याबरोबर सासरी आले.

तिचा नवरा हिंदुराव पागेतला घोडेस्वार. आठ महिने मुलूखगिरी, पावसाळ्याचे चार महिने घरी. सासू-सासरे वाघोलीला शेतावर, मूलबाळ नाही, त्यामुळे घरात ही दोघंच. एकमेकांना फार धरून होती. पण चुलीपाशी हिंदुराव कधी फिरकला नाही. घोड्याला चंदी किती लागते ते तोंडपाठ, मीठ कुठल्या मडक्यात आहे त्याचा पत्ता नाही. बहुतेक पुरुषांची तीच गत.

त्या भाद्रपदात माझी कल्हई उडाली होती. तळाचा लाल तांबा उघडा पडला होता. तुळजाबाईनं मला घासून फडताळात वर पालथी घातली. पालथं घातलेलं भांडं कल्हई होईपर्यंत चुलीवर चढवायचं नाही, कारण त्यात आंबट कळकतं आणि पोटात गेलं तर माणूस आडवा होतो. ही गोष्ट मुलीला आई सांगते. मुलाला कुणी सांगत नाही, आणि तोही विचारत नाही.

मग तुळजाबाईला हिवताप आला. दोन दिवस ती कुडकुडत पडली. तिसऱ्या दिवशी ताप उतरला तेव्हा म्हणाली, "अवं, तोंडाला चवच न्हाई. कायतरी आंबट खावं वाटतंय."

हिंदुराव उठला, तो थेट चुलीपुढे. सगळ्या भांड्यांवरून त्याची नजर फिरली आणि हात माझ्यावर येऊन थांबला. "ही तिच्या म्हायेरची," तो स्वतःशीच पुटपुटला. "हिच्यातलं ग्वाड लागंल तिला."

मी हादरले. चिंचेचं पाणी माझ्या उघड्या तळावर पडलं तेव्हा ओरडावंसं वाटलं. पण भांड्याचा आवाज फक्त आपटल्यावर निघतो, आणि तो तर मला फुलासारखी हाताळत होता. सार उकळलं. उरलेलं तो माझ्यातच ठेवणार होता, आणि संध्याकाळी पुन्हा तेच गरम करणार होता.

तुळजाबाईनं पहिला घोट घेतला. क्षणभर थांबली.

"कसं झालंय?" त्यानं विचारलं. पहिली लढाई जिंकून आल्यासारखा चेहरा होता त्याचा.

"ब्येस झालंय," ती म्हणाली आणि वाडगा रिकामा केला.

त्याच संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी पोटात कळा. हिंदुरावाला वाटलं, अंगात ताकद नाही म्हणून होतंय. एका वाडग्याचे दोन केले. जसजशी ती खालावत गेली तसतसा तो जास्त आग्रह करत गेला. ती ओकायची, तो डोकं धरून बसायचा. तिचं लुगडं धुवायचा, गुंतलेले केस विंचरायचा. तलवारीपुढे न डगमगणारा हा गडी तिचं कण्हणं ऐकून देवापुढे हात जोडायचा. पागेत त्यानं निरोप धाडला की बायकोला उठता येईपर्यंत घोड्यावर बसणार नाही.

वैद्यबुवा आले. नाडी पाहिली, मात्रा दिली. हिंदुराव पुन्हा पुन्हा विचारू लागला तेव्हा म्हणाले, "राव, घोड्याची परीक्षा आपण करावी, नाडीची आम्हांला करू द्यावी." खायला काय देता, ते त्यांनी विचारलं. कशात शिजवता, ते नाही विचारलं. विद्वानांना चूल दिसत नाही.

नवव्या दिवशी बुवांनी त्याला अंगणात नेलं आणि हळूच सांगितलं, "वाघोलीला कळवा. माणसं बोलावून घ्या." हिंदुराव भिंतीला टेकला तो तसाच खाली बसला.

आत आला तेव्हा ती म्हणाली, "दसरा जवळ आला. भांडी कल्हईला द्या. सणाला घर असं नगं." तिचा शब्द त्याला मोडवेना. माझ्यातलं सार त्यानं मातीच्या वाडग्यात ओतलं, तिच्या उशाशी ठेवलं, "आलोच, तवर पी" म्हणाला आणि आम्हां सगळ्यांना चादरीत बांधून निघाला.

पेठेच्या कोपऱ्यावर मैनुद्दीन कल्हईवाला भाता मारत बसला होता. सगळ्यांत आधी त्यानं मलाच उचललं. तळावरून बोट फिरवलं. बोट हिरवं झालं.

"राव, हिच्यात काय शिजवलंत?"

"चिंचेचं सार. मंडळी आजारी हायेत, म्याच करतो."

भाता थांबला. "किती दिवस?"

"नऊ."

"या अल्ला! राव, तो आजार नाही. तुम्हीच विष पाजताय त्यांना."

हिंदुरावानं त्या हिरव्या बोटाकडे पाहिलं. मग त्याला उशाशी ठेवलेला वाडगा आठवला. मला हिसकावून तो धावत सुटला. पागोटं रस्त्यात पडलं, जोडे तिथेच राहिले. मराठ्यांचा स्वार भर पेठेतून बोडक्या डोक्यानं, हातात पातेली घेऊन पळतोय, लोक थांबून बघत होते.

तिनं वाडगा तोंडाला लावला होता.

"थुंक! आदी थुंक!" त्यानं वाडगा उडवला. मग तिच्या पायाशी कोसळला. "म्या मारत हुतो तुला. ह्या हातानं."

तुळजाबाईनं माझ्याकडे पाहिलं. उघडा तळ पाहिला. तिला सगळं कळलं. पण ती चकित झाली नाही, आणि तेच पाहून मी गार पडले.

"पयल्याच घोटाला कळकल्यागत लागलं हुतं," ती म्हणाली.

"मग बोलली का न्हाईस?"

"वाटलं, तापाची जीभ हाय. दुसऱ्या दिशी इचारणार हुते. पर तुमी धुरानं डोळं लाल करून म्होरं बसला हुता. जल्मात पयल्यांदा रांधलंत. त्याला नावं ठिवू व्हय?"

हिंदुराव लहान मुलासारखा रडला. मला मात्र दोघांचाही राग आला.

ती वाचली. मातीच्या भांड्यातलं दूध-तूप पोटात गेलं, महिनाभरात उठून बसली. मला मोडीत काढायला तो निघाला होता, तिनं अडवलं. आज माझी कल्हई पुन्हा झळकते आणि मी तिच्याच चुलीवर आहे. तो प्रत्येक भांडं उचलून तिला "ह्ये चालंल का?" विचारतो. ती वैतागते, तरी उत्तर देते.

माझं तुमच्यापाशी एकच मागणं. कुणी जीव लावून रांधलं आणि चव चुकलेली वाटली, तर गिळू नका, सांगा. समोरच्याचा चेहरा पडेल, पडू द्या. त्या नऊ दिवसांत मला बोलता येत नव्हतं. तिला येत होतं.