नेवेंकाला विचारा

क्राल्येवोच्या बाजारात मिरच्या निवडत असताना एका म्हातारीनं नेवेंका तोदिचची बाही घट्ट धरली.

"तूच ना गं ती नेवेंका? चुलीवाली?"

नेवेंका हसली. एकोणीस वर्षं तिनं रातोमिरच्या कारखान्यात बसून, घर उबदार ठेवणाऱ्या लोखंडी चुलींच्या चौकशांना उत्तरं दिली होती. आधी फोनवर, मग ईमेलवर. कुणी ना कुणी ओळखायचंच.

"हसतेस काय? माझी खोली एवढीशी, आणि गळ्यात मारलंस चुलीचं केवढं धूड! जानेवारीत खिडकी उघडी टाकून बसले, अंगाला घामाच्या धारा. तीनदा विचारलं होतं तुला, बाई, मोठी तर नाही होणार? म्हणालीस, आमच्या घरीही हीच आहे!"

"आजी, मला तिथून काढून दीड वर्ष झालं. ती मी नव्हे."

"फोटो तर तुझाच होता," म्हातारी म्हणाली आणि हातातली बाही झिडकारून चालती झाली.

घरी येऊन नेवेंकानं अंगातला कोटही न काढता कारखान्याची वेबसाइट उघडली. खालच्या कोपऱ्यात, गोल चौकटीत, तिचाच चेहरा. लाल स्कार्फ घातलेला, कारखान्याच्या वर्धापनदिनाच्या फोटोतला. खाली लिहिलं होतं, 'मी नेवेंका. चुलीबद्दल काहीही विचारा.'

तिनं लिहिलं, "मला चूल हवी आहे."

क्षणात उत्तर आलं. "घाई नको. आधी खोली मोजू, मग बोलू." हे तिचं वाक्य होतं. प्रत्येक गिऱ्हाइकाला ती हेच लिहायची. पुढची वाक्यंही तिचीच. पाचव्या उत्तरात ते उत्तरं देणारं यंत्र म्हणालं, "या चुलीवर घेवडा मंद शिजतो. माझ्या मिलुनला मात्र तोही करपवायची खोड!" आणि लगेच, "तुमचा नंबर देता का? मी स्वतः फोन करते."

मिलुन तिचा नवरा. त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती.

कसं झालं असेल ते तिला तिथंच उमगलं. नोकरीवरून काढण्याआधी रातोमिरनं तिला तिच्या सगळ्या जुन्या ईमेल एकत्र लावून ठेवायला सांगितल्या होत्या. 'दप्तरासाठी,' म्हणाला होता. तिनं तीन आठवडे खपून, वर्षावार, चुलीच्या आकारावार, मोठ्या हौसेनं त्या लावून दिल्या होत्या. स्वतःच्या हातानं. त्याच या यंत्राला पढवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती रातोमिरच्या ऑफिसात जाऊन उभी राहिली.

"मालक, माझं नाव आणि फोटो काढा तिथून."

रातोमिर खुर्चीत रेलला. "नेवेंका हे नाव काय तुझ्या एकटीचं आहे? फोटोचं म्हणत असशील तर काढतो."

"आणि मिलुनचं काय? मेलेल्या माणसाच्या नावावर नंबर गोळा करता?"

"हे बघ, तुझ्या वेळी शंभर लोक वेबसाइट बघून जायचे आणि चार जण नंबर ठेवायचे. ही सोळा जणांचे घेते. आणि हिची पाठ दुखत नाही."

पाठीच्या दुखण्यानं तिनं शेवटच्या वर्षी सहा आठवडे रजा घेतली होती. ती बाहेर पडली.

फोटो गेला. त्या जागी चित्र आलं, लाल स्कार्फवालंच. आणि सप्टेंबर लागताच बेलग्रेडपासून नीशपर्यंत रस्त्याकडेला भलेमोठे फलक लागले: 'चूल घेताय? नेवेंकाला विचारा.'

पहिला फलक बघितला त्या दिवशी नेवेंकानं गाडी वळवली ती थेट चाचाकला, विदोसावाच्या दारात. विदोसावा ही विधवा बाई सासऱ्याचा चुलींचा छोटा कारखाना चालवायची. चूल चांगली, पण विचारतंय कोण! तिच्या वेबसाइटवर लोक यायचे, बघायचे आणि निघून जायचे.

सगळं ऐकून विदोसावा म्हणाली, "नेवेंकाताई, तुझा राग मला समजतो. पण मला चुली विकायच्यात."

"मग मला घे. तुझ्या वेबसाइटवर अकरा रकाने भरायला लावतेस माणसाला. पत्ता कशाला हवा आधीच? जन्मतारीख कशाला? तिथूनच पळतात सगळे."

विदोसावाची सून यास्ना वेबसाइटच्या कामात तयार होती. तिनं शोधलं तर रातोमिरनं नेवेंकाच्या नावाचा वेबपत्ताही घेतला नव्हता आणि चुलींचा ट्रेडमार्क म्हणून त्या नावाची नोंदणीही केली नव्हती. यंत्राचं नाव कोण नोंदवतंय, असंच त्याला वाटलं असणार. दोन्ही नेवेंकानं स्वतःच्या नावे करून घेतली.

नवं पान अगदी साधं होतं. स्वयंपाकघरात चुलीपाशी उभ्या असलेल्या, पिकल्या केसांच्या नेवेंकाचा फोटो. खाली, 'मी खरी नेवेंका. खोली केवढी ते लिहा आणि नंबर ठेवा. अर्ध्या तासात फोन करते.' बस्स.

रस्त्यावरचा फलक वाचून लोक घरी जाऊन 'नेवेंका चूल' असं शोधू लागले आणि यायचे ते हिच्या पानावर. पहिल्या आठवड्यात नऊ नंबर आले. महिन्याभरात दिवसाला तीस. ती प्रत्येकाला फोन करायची.

"बाई, तुम्ही खरंच माणूस आहात का?" एकानं विचारलं. "शिंकून दाखवा बरं!"

"चूल घे, मग धूर झाला तर शिंकते," ती म्हणाली. त्यानं चूल घेतली.

खोली लहान असली तर मोठी चूल मागणाऱ्याला ती सरळ नाही म्हणायची. रातोमिरनं नवीन फलक लावला की यास्ना हसत सांगायची, "ताई, आज क्रागुयेवात्समधून पाऊस पडतोय चौकशांचा." नेवेंका मुद्दाम गाडी काढून तो फलक बघून यायची. त्याच्यासमोर उभी राहून सँडविच खायची. इतकं रुचकर जेवण तिनं कित्येक वर्षांत केलं नव्हतं.

जानेवारीत रातोमिरला तिच्या वकिलाची नोटीस गेली: नाव वापरणं थांबवा. फेब्रुवारीत रातोमिर तिच्या घरी आला. तिनं त्याला बसायला सांगितलं, पण कॉफी ठेवली नाही. मीटर बघायला येणाऱ्यालाही ती कॉफी विचारायची. ते त्याच्या लक्षात आलं.

"नाव विक मला," तो म्हणाला. "तू म्हणशील तसं."

"आधी माझ्या ईमेल काढून टाक त्या यंत्रातून. मिलुनसकट."

आयुष्यात पहिल्यांदाच ती त्याला अरे-तुरे करत होती. तो गोरामोरा झाला.

"ते सगळं आत मिसळून गेलंय, नेवेंका. वेगळं निघत नाही म्हणतात."

"मग अख्खं बंद कर. आत्ता. माझ्यासमोर."

"माझ्याकडे साठ माणसं कामाला आहेत. त्यांचा तरी विचार कर."

त्या साठांतल्या निम्म्यांच्या लग्नांत ती जेवली होती. "विदोसावाला माणसं हवीत. ज्याला यायचं त्याला पाठव. शिफारसपत्र नको, मी ओळखते सगळ्यांना."

रातोमिरनं घाम पुसला, फोन लावला आणि कुणालातरी यंत्र बंद करायला सांगितलं. नेवेंकानं आपल्या फोनवर वेबसाइट उघडून बघितली. कोपरा रिकामा होता.

"झालं," तो म्हणाला. "आता नावाचं बोल."

"नाव देईन असं मी कधी म्हटलं?"

तो उभा राहिला. दार आपटून निघून गेला. त्याची गाडी बराच वेळ फाटकाशी उभीच होती. नेवेंका खिडकीतून बघत राहिली.

संध्याकाळी विदोसावाचा फोन आला. "काय गं, गेला का राग?"

नेवेंकानं जरा विचार केला. "कुठला जातोय! थोडा आहे अजून," ती म्हणाली. "आणि ऐक, उझित्सेच्या त्या मास्तरीणबाईंना छोटीच चूल पाठव. मी त्यांना शब्द दिलाय."