परत मागितलेला वानोळा

मित्रांनो, जरा जपून! माझं टोक अजून बोथट झालेलं नाही. मी एक जुनी परखी आहे. परखी म्हणजे काय, हे तुम्हाला सांगावं लागतं, याचंच मला वाईट वाटतं. हातभर लांब, टोकदार, मधून पोकळ अशी लोखंडी नळी म्हणजे मी. पोत्यात खुपसली की आतलं धान्य माझ्या पोटातून घरंगळत माणसाच्या तळहातावर येतं. शिवण उसवत नाही आणि मला बाहेर काढलं की तागाचे धागे पुन्हा मिटतात. अशी माझी सफाई!

पुलगावच्या एका लोहाराने भंगारातली नळी तापवून, ठोकून मला घडवलं आणि नानाजींच्या हाती दिलं. नानाजी धान्यबाजारात मापारी होते. तिथे तीस वर्षं आम्ही राज्य केलं म्हणा ना! कोणी पोत्याच्या तोंडाशी टपोरा हरभरा आणि बुडाशी किडका भरून आणला, की मी एका दणक्यात त्याचं पितळ उघडं पाडायची. "परखीनं सांगतलं, आता बोलाचं काम नाई," असं व्यापारी म्हणायचे.

मग नानाजी थकून घरी बसले आणि मी त्यांच्या नाचणगावच्या घरात खिळ्याला लटकले. कोणी माझ्याने कुंडीतली माती उकरली, कोणी नारळ सोलला. मला फार राग यायचा, पण लोखंडाचा राग कोणाला दिसतो?

माझे दिवस पालटले ते नानाजींच्या सुनेमुळे. सुलोचना घरी मसाले करून विकायची. बुद्धविहारातल्या बायांबरोबर ती श्रीलंकेच्या यात्रेला गेली. तिथे एका शेतकरीण बाईच्या अंगणात वाळणारी लवंग तिने चावली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मामाजी, माह्या मसाल्यात अशीच लवंग पाह्यजे," घरी येताच ती नानाजींना म्हणाली. लवंगेसाठी समुद्रापार! लोक हसले. पण तिने दोन वर्षं खेटे घालून आयातीचे कागद केले, खाद्यपदार्थांचा परवाना काढला. अखेर दुसऱ्यांच्या मालाने भरलेल्या कंटेनरच्या एका कोपऱ्यात बसून तिची चार पोती आली. चारच, पण पोत्यावर नाचणगावचा पत्ता छापलेला होता!

अन्नसुरक्षा खात्याच्या अधिकारी मॅडमनी नमुना तपासायला पाठवला. अहवाल येईपर्यंत पोती आमच्या गोदामात ठेवायला मिळाली, पण एका अटीवर: त्यातली एक लवंगही बाहेर काढायची नाही. सुलोचनेने तशी सही करून दिली.

आता आमच्याकडची रीत ऐका. घरात नवा माल आला, की पहिली मूठ शेजाऱ्यांकडे जाते. त्याला वानोळा म्हणतात. एका सकाळी सुलोचना नागपूरला गेली होती. नानाजी पोत्यांकडे बघत बसले होते. "शेजारी का म्हनतीन?" ते पुटपुटले. शिवण उसवली नाही म्हणजे अट मोडली नाही, असा बाजारातला हिशेब त्यांच्या डोक्यात. त्यांनी मला खिळ्यावरून उतरवलं. खरं सांगू? मला आनंदाचं भरतं आलं. इतक्या वर्षांनी पोतं! खस्सकन आत शिरले. तीन मुठी निघाल्या आणि तीन घरी गेल्या.

दुपारी सुलोचना गल्लीत शिरली आणि थबकली. शेजारच्या लीलाबाईंच्या रश्श्यातून लंकेच्या लवंगेचा तोच वास येत होता. ती धावत गोदामात आली. कोपऱ्यात मी पडले होते आणि माझ्या तोंडात एक लवंग अडकली होती.

"मामाजी, तुमी काढली?"

"शिवणीले हात नाई लावला, पोरी. वानोळा तं द्याच लागते ना?"

"अन् तपासल्याबिगर कोनाच्या पोटात गेली तं? मी सही करून देल्ली हाय, मामाजी. परवाना गेला तं सारंच गेलं."

नानाजींचा चेहरा उतरला. जन्मभर दुसऱ्यांची लबाडी पकडणाऱ्या माणसाच्या हातून सुनेचा शब्द मोडला होता. आणि अवजार कोणतं, तर मी!

सुलोचना ताट घेऊन तिन्ही घरांकडे निघाली. नानाजी मागोमाग. दिलेला वानोळा परत मागण्यासारखी नामुष्की गावात दुसरी नाही. "अवो, वानोळा वापस मांगते का कोनी?" लीलाबाईंनी तोंड वाकडं केलं. कारण ऐकल्यावर मात्र त्यांनी उरलेली लवंग ताटात ओतली, रस्साही उतरवून ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "कोनाले सांगू नको. झाकली मूठ सव्वा लाखाची."

खरंच, कोणाला कळलं नसतं. पण सुलोचनेने तिथूनच अधिकारी मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. पोतं उलटसुलट पाहून म्हणाल्या, "भोक कुठे आहे? मला तर दिसत नाही."

नानाजींनी पुढे होऊन बोट ठेवलं. "अथी. म्या केलं. लिवाचं असन तं माह्यं नाव लिवा, पोरीचं नाई."

मॅडमनी कडक समज दिली, परत आणलेली लवंग ताब्यात घेतली आणि आपल्या चकचकीत सरकारी नळीने नवे नमुने काढले. "काही निघालं तर माल नष्ट होईल, परवान्याचंही खरं नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही स्वतःहून सांगितलंत, तेही मी लिहीन." ती सरकारी नळी दिसायला छान होती, पण तिने धागे तोडले. मी तसं कधी करत नाही.

त्यानंतर नानाजी गोदामाकडे फिरकले नाहीत. माझ्याकडे तर बघेनात.

सोळाव्या दिवशी अहवाल आला. माल चोख, पोती वापरायला मोकळी! सुलोचना मला घेऊन नानाजींपुढे उभी राहिली.

"मामाजी, काढा वानोळा."

"नाई पोरी, माह्या हातानं नको."

"तुमच्याच हातानं. या घरात परखी दुसऱ्या कोनाले येते?"

त्यांनी मला हातात घेतलं आणि टोक बरोबर बसलं. आता लंकेहून माल आला की माझ्या शब्दाशिवाय एकही पोतं फुटत नाही. मित्रांनो, घरातल्या जुन्या अवजारांना तेलाचा हात फिरवत जा आणि जुन्या माणसांना नवे नियम नीट समजावून सांगत जा. आम्ही दोघंही अजून कामाचे आहोत.

आणि हो, त्या दिवशीची पहिली मूठ कुठे गेली ते सांगायचं राहिलंच. नानाजी लीलाबाईंच्या दारात जाऊन अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "घ्या वो लीलाबाई! हा वापस नाई मांगत!"